‘कामगिरी’ आणि ‘कारस्थान’ : सुवार्तावादी संहिता आणि मराठी समीक्षेची टाळाटाळ

१

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी बोलण्याच्या दोनच रीती रूढ आहेत. पहिली रीत ‘कामगिरी’ची. ‘मराठी गद्याच्या जडणघडणीतील मिशनऱ्यांची कामगिरी विशद करा’ हा पदव्युत्तर प्रश्नपत्रिकांतून पुन्हापुन्हा भेटणारा प्रश्न हा तिचा ठसठशीत नमुना होय. त्याचे उत्तरही ठरलेले असते. कॅरीचे १८०५ चे व्याकरण, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, १८४२ चे ‘ज्ञानोदय’, मुद्रणालये, मुलींच्या शाळा. आणि या यादीच्या अखेरीस ‘धर्मप्रसार हा त्यांचा मूळ हेतू असला तरी’ अशा शब्दांनी सुरू होणारे एक वाक्य. (मोल्सवर्थ मिशनरी नव्हता, कंपनीच्या लष्करातला अधिकारी होता, ही गोष्ट या यादीच्या ओघात सहसा हरवते.) दुसरी रीत ‘कारस्थाना’ची. तिच्यात हेच वाक्य उलटे फिरवलेले असते : भाषेची थोडीफार सेवा घडली असली तरी मूळ हेतू धर्मप्रसाराचाच होता. १९५६ साली नागपुरात सादर झालेल्या नियोगी समितीच्या अहवालाने या रीतीला शासकीय दप्तराची भाषा दिली आणि गेल्या तीन दशकांत तिला राजकीय बळही पुष्कळ लाभले.

या दोन रीती एकमेकींच्या शत्रू समजल्या जातात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही सुवार्तावाद्यांनी लिहिलेले, लिहवून घेतलेले आणि त्यांच्याशी भांडत लिहिले गेलेले मराठी वाचायचे नाही. एकीला धर्म वगळून भाषा हवी आहे, दुसरीला भाषा वगळून धर्म हवा आहे. ज्या एका गोष्टीमुळे ही संहिता संहिता झाली, म्हणजे विशिष्ट धर्मश्रद्धेने विशिष्ट रूपबंध मराठीत आणला ही गोष्ट, ती दोघींच्याही ‘असला तरी’मध्ये गाडली जाते. प्रस्तुत लेखाचा वाद या ‘असला तरी’शी आहे.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही, हे सांगण्यासाठी लेखक कुठे बसून लिहितो आहे ते सांगावे लागेल. विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवरील कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले स्थानक. १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आज या पट्ट्यात रविवारी सकाळी फिरताना भाड्याच्या सभागृहातून, कारखान्यावरच्या गाळ्यातून भक्तिगीते ऐकू येतात. चाल अमेरिकन, वाद्ये चित्रपटातली, शब्द हिंदी, मराठी आणि क्वचित सिंधी. मग कोणीतरी उठून ‘साक्ष’ देते : आधी मी असा होतो, मग अमुक दिवशी प्रभू भेटला, आता मी असा आहे. साक्ष देणारी बाई कदाचित अक्षरओळखीपलीकडे शिकलेली नसेल. परंतु आयुष्याचे तीन खंड पाडून त्याचा अर्थ लावण्याची जी कथनरीती ती सहज वापरते, तिला मराठीत पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. त्या इतिहासाविषयी मराठी समीक्षेपाशी सांगण्यासारखे काय आहे, असे विचारले तर उत्तर मिळते : कामगिरी. दुसरीकडे विचारले तर : कारस्थान. त्या बाईला या दोन्हींपैकी एकाही शब्दाचा काडीचा उपयोग नाही.

२

प्रथम संज्ञेविषयी. ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हे आपल्याकडचे सोयीचे गाठोडे आहे. त्यात १६१६ साली गोव्यात छापले गेलेले स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, सेरामपूरच्या बाप्टिस्टांचा शुभवर्तमानाचा अनुवाद, बाबा पदमनजी, ना. वा. टिळक आणि वसईचे कॅथलिक लेखक असे सगळे एकत्र बांधले जाते. पण जेझुइट स्टीफन्सने पुराणाची ओवी घेतली ती एका संस्थात्मक, संस्कारप्रधान धर्माच्या शिकवणुकीसाठी. त्याच्या काव्यात व्यक्तीचा ‘पालट’ हा केंद्रबिंदू नाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणापर्यंतची पवित्र कथा हा आहे. सुवार्तावाद, ज्याला इंग्रजी जगात इव्हँजेलिकल म्हणतात, तो अठराव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट पुनरुज्जीवनातून घडलेला वेगळा पंथभाव आहे. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये त्याची चार लक्षणे सांगितली, ती आता सर्वमान्य झाली आहेत : व्यक्तिगत परिवर्तनाची अनिवार्यता, बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, क्रुसावरील बलिदानाचे केंद्रस्थान आणि अखंड कृतिशीलता. ही चारही लक्षणे, नीट पाहिल्यास, साहित्यव्यवहाराविषयीची विधाने आहेत. परिवर्तन अनिवार्य म्हणजे आत्मकथन अनिवार्य. बायबलचे प्रामाण्य म्हणजे प्रत्येकाने स्वभाषेत वाचलेच पाहिजे असा दंडक. कृतिशीलता म्हणजे मुद्रणालय, पत्रक, चव्हाट्यावरचे प्रवचन.

महाराष्ट्रात हा पंथभाव मुख्यत्वे अमेरिकन वाटेने आला. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी परदेशी प्रचाराचा संकल्प केला, १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवण्याच्या खटपटीत होते. ‘मिशनरी म्हणजे साम्राज्याचा हस्तक’ या सरधोपट समीकरणाला या पहिल्याच प्रसंगात तडा जातो. परंतु तडा जातो म्हणून समीकरण सर्वस्वी खोटे ठरत नाही. त्याच वर्षीच्या सनदेने ब्रिटिश हिंदुस्थान मिशनऱ्यांना खुला झाला आणि पुढे अहमदनगर, मुंबई, सातारा, सोलापूर या पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशन पसरले ते त्याच राज्याच्या छत्राखाली.

आता ‘श्वेतवर्णीय’ या विशेषणाविषयी. अमेरिकेत आज ‘श्वेत इव्हँजेलिकल’ ही एक राजकीय कोटी झाली आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ती तिथल्या प्रत्येक मतचाचणीत वावरते. पण ते विशेषण कालपरवाचे नाही. ज्या बोर्डाने अहमदनगरला शाळा काढल्या त्याच बोर्डाची ठाणी चेरोकी आणि चॉक्टॉ या आदिवासी राष्ट्रांतही होती. तिथल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. १८४५ साली या प्रश्नावर बोर्डाने असे मत दिले की, केवळ गुलाम बाळगणे हे एखाद्याला मंडळीबाहेर ठेवण्यास पुरेसे कारण नाही. गुलामगिरीविरोधकांनी चिडून १८४६ मध्ये वेगळी ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ काढली. न्यायासाठी हेही नोंदवले पाहिजे की याच बोर्डाचा सॅम्युएल वूस्टर चेरोकींच्या बाजूने उभा राहून १८३१ मध्ये जॉर्जियाच्या तुरुंगात गेला होता. म्हणजे मानवी समतेचा उच्चार आणि वर्णाधिष्ठित तडजोड ही दोन्ही या परंपरेच्या पोटातच होती.

हे इथे सांगायचे कारण जोतीराव फुले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आपल्याला पाठ असते : गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना ते पुस्तक अर्पण केलेले आहे. आपले फुले-अभ्यासक या अर्पणपत्रिकेचा गौरव करतात आणि पुढे जातात. परंतु पुणे-नगरच्या परिसरात ज्या अमेरिकेशी फुल्यांच्या पिढीची प्रत्यक्ष गाठ पडली ती प्रामुख्याने या बोर्डाची अमेरिका होती, आणि फुल्यांनी अर्पणपत्रिकेत मिशनऱ्यांची अमेरिका न निवडता गुलाम मुक्त करणाऱ्यांची अमेरिका निवडली. बोर्डाच्या अंतर्गत वादाची त्यांना माहिती होती की नव्हती, हा इथला मुद्दा नव्हे. त्यांनी वर्णाचा प्रश्न ख्रिस्तीकरणाच्या प्रश्नापासून सुटा केला आणि तो जातीच्या प्रश्नाशी जोडला, हा मुद्दा आहे. सुवार्तावादाच्या कक्षेत राहून त्याच्यातून निसटण्याची ही कृती आहे. ‘मिशनऱ्यांचा प्रभाव’ या शब्दाने तिचे वर्णन होत नाही.

३

‘कामगिरी’वाद्यांच्या आवडीचा दुसरा विषय म्हणजे मिशनऱ्यांचे मराठीप्रेम. या प्रेमाची चिकित्सा करण्याचे धाडस आपण केलेले नाही. बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याच्या दौऱ्यानंतर मिशनच्या इंग्रजी शाळांवर गदा आली. भर देशी भाषेतील शिक्षणावर आणि खेड्यातील देशी पाळकांवर दिला गेला. त्यामागील विचार स्पष्ट होता. मिशनचे काम माणसे सुसंस्कृत करण्याचे नसून त्यांचा पालट घडवण्याचे आहे, आणि पालट मातृभाषेत होतो. या धोरणाचा एक परिणाम असा की धार्मिक मराठी गद्याला मागणी आणि वाचक दोन्ही मिळाले. दुसरा परिणाम असा की, नगर जिल्ह्यातील महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती तरुणाला सत्तेच्या भाषेपासून दूर ठेवले गेले. एकाच निर्णयाची ही दोन तोंडे आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासाने पहिले तोंड रंगवले, दुसऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आणि भाषेच्या अभ्यासकाला ‘देशी भाषा’ हा शब्द दिसला की तो आपोआप आपल्या बाजूचा वाटतो, हे त्याचे कारण आहे.

हीच गत ‘ज्ञानोदया’तील विज्ञानाची. भूगोल, खगोल, शरीरशास्त्र यांवरील लेखांचा ‘नवज्ञानाचा प्रसार’ म्हणून गौरव होतो. परंतु पृथ्वीच्या गोलत्वाचा धडा हा त्या पानांवर पौराणिक भूगोलाविरुद्धचा पुरावा म्हणून येत होता. दुर्बीण ही तिथे धर्मवादाची हत्यारबंद साक्षीदार होती. मौज अशी की वाचकांनी दुर्बीण घेतली आणि साक्ष नाकारली. परमहंस सभेच्या आणि फुल्यांच्या पिढीने त्याच बुद्धिवादी शस्त्राला टॉमस पेनची धार लावून ते बायबलकडेही वळवले. प्रतिपक्षानेही सुवार्तावाद्यांचे रूपबंध उचलले. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जे वाद घातले त्यांत वैदिक धर्माचे मंडन होते. पण उघड्यावर, सर्व जातींच्या श्रोत्यांपुढे, प्रश्नोत्तरांनी धर्म सिद्ध करायचा हा प्रकार समोर बसलेल्या जॉर्ज बोवेनच्या परंपरेचा होता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची रविवारची उपासना आणि प्रवचन यांची घडणही याच दिशेने पाहावी लागते. सांस्कृतिक प्रभाव असा वावरतो. मतांचा पराभव झाला तरी रूपे जिंकतात, आणि रूपांचा हिशेब ठेवणे हे समीक्षेचेच काम आहे. ते इतिहासकारावर ढकलता येणार नाही.

४

रूपबंधाच्या या हिशेबात सर्वांत मोठी थकबाकी मराठी कादंबरीची आहे. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने केले. १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. १८८८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’. या तिन्ही शीर्षकांकडे एकत्र पाहा : क्रमण, पर्यटन, उदय. तिन्हींत गती आहे, आणि ती अंधारातून प्रकाशाकडे जाणाऱ्या एका जिवाची गती आहे. वारीलाही गती असते. परंतु वारी वर्तुळाकार असते. वारकरी पंढरीला पोचून घरी परततो आणि पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. यात्रिक परतत नाही. बन्यनचा यात्रिक बायकामुलांकडे पाठ फिरवून पळतो, आणि त्याचे हे पाठ फिरवणे त्या कथेचे पुण्य असते. मराठी गद्यकथनात ‘न परतणारा मी’ पहिल्यांदा असा दाखल झाला.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मुळे ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कृतींत दाखवली आणि वास्तवाभिमुख प्रवृत्तीच्या आरंभी ‘यमुनापर्यटना’ला मान दिला, ही त्यांच्या समीक्षेची मोठी देणगी आहे. ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारलेले पुस्तक त्यांनी परंपरेच्या मुळाशी आणून ठेवले. परंतु हा मान देताना आपल्या समीक्षेने एक सोय करून घेतली. यमुनेच्या पर्यटनात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या वास्तववादाच्या खात्यावर जमा झाल्या आणि यमुनेचे ख्रिस्ती होणे प्रचाराच्या खात्यावर. जणू एकाच पुस्तकात दोन लेखक बसले होते, एक आपला आणि एक पाद्र्यांचा.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा विभाग मुळात चुकीचा आहे. ‘यमुनापर्यटना’तील वास्तव हे साक्षीचे वास्तव आहे. गावोगावची विधवा येते, आपले दुःख सांगते, आणि तिचे सांगणे एका न्यायासनापुढे पुरावा म्हणून दाखल होते. तपशिलाची अचूकता, बोलीचा वापर, केशवपनासारख्या प्रसंगाचे निर्दय वर्णन हे सगळे त्या साक्षीच्या गरजेतून येते, कारण साक्षीदार खोटा ठरला तर दावा बुडतो. सुवार्तावादी मनाला पाप अमूर्तात चालत नाही. ते नाव, गाव आणि तारखेसह लागते. म्हणजे वास्तववाद हा त्या पुस्तकातला धर्मापासून वाचलेला अंश नाही, तो त्याच्या धर्माचाच कार्यभाग आहे. हे मान्य केले तर पुढचे प्रश्न अटळ होतात. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या शीर्षकातच जो न्यायासनापुढचा आर्त स्वर आहे, त्याचे या साक्षपरंपरेशी काय नाते? स्त्रीचे दुःख हेच समाजाविरुद्धचे आरोपपत्र, ही पुढे शतकभर चाललेली मराठी कथनाची सवय कुठून आली? पुरुष लेखकाने स्त्रीकडून साक्ष वदवून घेण्याची रीत कुठून?

यावर आक्षेप येईल की लोकहितवादी होते, सुधारकी निबंध होता, विधवेच्या दुःखाला संतकाव्यापासूनचे सूर होते; सगळेच मिशनच्या ओटीत का घालता? आक्षेप रास्त आहे. उगम एकच असतो असे इथे म्हटलेलेच नाही. पदमनजी स्वतः कासार कुटुंबात बेळगावला जन्मले, परमहंस सभेत वावरले, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांच्या गद्यात कीर्तन, शास्त्रार्थ आणि पत्रक एकमेकांत मिसळले आहेत. परंतु अनेक प्रवाह आहेत म्हणून एका प्रवाहाचे नावच घ्यायचे नाही, हा न्याय कोणता? आणि ‘देशी’ कादंबरीच्या मुळाशीच जर बन्यनचा यात्रिक उभा असेल, तर देशीवादाने त्याला परका म्हणून हाकलू नये किंवा नकळत धोतर नेसवू नये. देशी होणे ही जन्मखूण नसून प्रक्रिया आहे, हे आपल्याच सिद्धान्ताचे सर्वांत सशक्त रूप त्याच्या आधारे मांडावे.

५

गोऱ्या मिशनमधील वर्णसंबंधांचा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ अस्पर्श राहिला आहे, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत नारायण वामन टिळकांनी मोजली. पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ करून टाकले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये होता. १९१७ मध्ये त्याने मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उघडला. १९१९ मध्ये ते वारले. या राजीनाम्याला आपण चरित्रातील एक हळवा प्रसंग समजतो. वस्तुतः ते मराठीतले एक महत्त्वाचे साहित्यशास्त्रीय विधान आहे. बाप्तिस्मा ही सीमारेषा पुसणे म्हणजे सुवार्तावादाच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ या कथनरचनेलाच नकार देणे होते. तुकोबाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. म्हणजे जुने आयुष्य अंधार नव्हे, पूल आहे. अभंग ही त्यांची सजावट नव्हती. ज्या रूपबंधात ‘आधी’ला शिव्या द्याव्या लागत नाहीत तो रूपबंध त्यांनी निवडला. कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडे उभे केलेले ख्रिस्ती कीर्तन हा त्याचा पूर्वरंग. आणि या निवडीला वर्णाचे परिमाण आहे : मिशनचे निर्णय गोऱ्यांच्या सभेत होत, देशी पाळक तिचा पगारी सेवक असे, ‘आधी’चा अंधार कबूल करणे ही त्या नोकरीची जणू पहिली अट होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे वाचनही असेच पांगळे राहिले. विनोद, प्रांजळपणा, बोलीचा गोडवा यांवर आपण दिलदारीने लिहिले. परंतु ‘अरुणोदय’ शेजारी ठेवून ‘स्मृतिचित्रे’ वाचा. पदमनजींच्या कथनात प्रकाश येतो. लक्ष्मीबाईंच्या कथनात विचार येतो, आणि तोही जेवणापाण्याचा : जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला. मग कोणाच्या हातचे खाल्ले तर काय बिघडले? १९०० साली झालेला त्यांचा बाप्तिस्मा त्या निश्चयाच्या मागोमाग, घरगुती गोष्टीसारखा येतो. परिवर्तनकथेचा सगळा थाट त्यांनी असा शांतपणे उतरवून ठेवला आहे की ती कथा आहे हेच आपल्या लक्षात आले नाही. पतीच्या, मिशनच्या आणि सासरमाहेरच्या अशा तीन सत्तांना एकाच वेळी चकवणाऱ्या या बाईला आपण ‘भोळी’ म्हणत राहिलो.

आणि पंडिता रमाबाई. इथे आपल्या पुरोगामी समीक्षेची लबाडी सर्वांत उघडी पडते. १८८७ चे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’, १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवर्णन आणि त्याच वर्षीचे शारदासदन इथपर्यंतच्या रमाबाई आम्हाला हव्यात. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींशी आणि बिशपांशी धर्ममतांवरून भांडणाऱ्या रमाबाईही हव्यात, कारण तिथे त्या बंडखोर दिसतात. (त्या भगिनी सुवार्तावादी नव्हत्या, उच्चचर्चवादी होत्या, पण एवढा फरक करण्याची आम्हाला फुरसत नसते.) परंतु केडगावच्या रमाबाईंपाशी आलो की आम्ही घसा खाकरतो. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीच्या आवारात पुनरुज्जीवनाची लाट उसळली, मुली रडू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. हे आम्हाला विदुषीचे अधःपतन वाटते. लॉस एंजेलिसच्या ज्या अझुसा स्ट्रीटला जागतिक पेंटेकोस्टल चळवळीचे जन्मस्थान मानतात, तिथली सभा एप्रिल १९०६ मधली, म्हणजे केडगावनंतरची. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईने १९०६ मध्ये या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वाल्पाराइसोला विलिस हूव्हर या पाद्र्याकडे पोचली, आणि १९०९ मध्ये तिथे जी चळवळ उभी राहिली तिच्या प्रेरणांत ही पुस्तिका होती. दुष्काळातून वाचवलेल्या मराठी मुलींचा अनुभव दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचला, आणि मराठीच्या विद्यार्थ्याला याची वार्ताही नाही. प्रभाव गोऱ्या देशातून काळ्या देशाकडेच वाहतो हे गृहीतक मिशनरीचे होते. ते आमच्या वसाहतवादविरोधी समीक्षेनेही जसेच्या तसे जपले आहे.

रमाबाईंच्या बायबलचे तेच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल एकहाती मराठीत आणले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरातील संस्कृत धर्मपरंपरेचा वास असलेले शब्द टाळून अशिक्षित बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. जन्माने ब्राह्मण आणि पदवीने ‘सरस्वती’ असलेल्या स्त्रीने संस्कृतापासून जाणूनबुजून दूर जाणे, ही एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मराठी भाषाविचारातील एक मूलगामी घटना आहे. या भाषांतरावर मराठीच्या किती विभागांतून प्रबंध झाले? ते ‘धार्मिक’ म्हणून साहित्याच्या खात्यात नाही, आणि ‘ख्रिस्ती’ म्हणून धर्माभ्यासाच्या खात्यातही नाही.

६

एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. सुवार्तावादी संहिता वाचा असे म्हणणे म्हणजे तिचे वकीलपत्र घेणे नव्हे. या संहितेत इथल्या देवतांविषयी, आचारांविषयी, माणसांविषयी तुच्छतेची पाने भरपूर आहेत, आणि ती तुच्छता बहुधा कातडीच्या रंगाने अधिक निर्ढावलेली आहे. ते वाचताना राग यावा. परंतु तो राग वाचून आलेला असावा. न वाचता आलेल्या रागाचे काय होते ते आपण सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून विरोध झाला. वसईच्या मातीतला, कॅथलिक परंपरेतला हा लेखक आणि अमेरिकन सुवार्तावाद यांच्यात चार शतकांचे आणि एका महासागराचे अंतर आहे, हे सांगायला मराठी समीक्षेचा आवाज फारसा उठला नाही. उठणार कसा? ते अंतर आपणच कधी मोजले नव्हते.

उलट बाजूला आमचे सिद्धान्तनिष्ठ मित्र आहेत. त्यांच्या परिसंवादांत होमी भाभांचा १९८५ चा निबंध हमखास निघतो : १८१७ साल, दिल्लीबाहेर झाडाखाली जमलेले लोक, त्यांच्या हातातले हिंदुस्थानी बायबल. या एका झाडाखाली आमच्या किती पिढ्या बसल्या! संकराची, अनुकरणाची, द्विधावृत्तीची सगळी परिभाषा आम्ही तिथून उचलली. तक्रार त्या निबंधाविषयी नाही. तक्रार अशी की दिल्लीचे झाड दाखवणाऱ्याने नगरचे झाड पाहिलेले नसते. ‘ज्ञानोदया’चे जुने खंड इथे, आपल्या भाषेत, आपल्या राज्यात आहेत, उपयोजनासाठी इंग्रजीतून आयात केलेले उदाहरण पुन्हा मराठीत आणण्याची वेळ आपल्यावर यावी, हा सिद्धान्ताचा दोष नसून आपल्या आळसाचा आहे. एका अर्थी ही नवी मिशनगिरीच झाली. ग्रंथ तिकडून येतो, भाष्य इकडे होते, आणि देशी पाळकाने फक्त साक्ष द्यायची.

१९५६ च्या जानेवारीत बिली ग्रॅहम हा विसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध अमेरिकन सुवार्तिक मुंबईत आला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने शहर पेटलेले होते. त्याची मुंबईतील सभा होऊ शकली नाही. भाषेच्या प्रश्नाने त्या दिवशी सुवार्तेला थोपवले, असे कोणी अभिमानाने म्हणेल. पण मराठीत सुवार्ता तेव्हा दीडशे वर्षे मुरलेली होती; तिने व्याकरण लिहिले होते, कादंबरी लिहिली होती, अभंग लिहिले होते, आणि तिच्याशी भांडणाऱ्यांनाही भांडण्याची तऱ्हा दिली होती.

विठ्ठलवाडीच्या त्या गाळ्यातली बाई पुढच्या रविवारी पुन्हा साक्ष देईल. तिच्या कथनात बन्यन असेल, पदमनजी असतील, रेडिओ आणि पडद्यावरचा अमेरिकन उपदेशक असेल. आणि कदाचित, आपल्या गावच्या नावातल्या विठ्ठलाविषयी काय बोलावे या अडचणीपाशी ती क्षणभर अडखळेल. ते अडखळणे हे समीक्षेचे क्षेत्र आहे. तिला फसवली गेलेली म्हणणारे तिथे पोचलेले आहेत, तिला मुक्त झालेली म्हणणारेही पोचलेले आहेत. तिचे वाक्य पूर्ण ऐकून घेणारा मराठीचा विद्यार्थी मात्र अजून ‘कामगिरी विशद करा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करतो आहे. निदान तो प्रश्न तरी आपण बदलावा. प्रश्नपत्रिका काढणारे हात आपलेच आहेत.